कानाला येतं, हाताला येत नाही

न्यू जर्सीतल्या पॅलिसेड्स पार्कमध्ये २०१०च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक वस्ती कोरियन होती. तिथल्या एका चर्चमध्ये शनिवारी सकाळी कोरियन शाळा भरते. बाई कोरियनमध्ये बोलतात ते मुलांना सगळं कळतं. उत्तरं मात्र इंग्रजीत येतात.

या शाळेचं काम पाहायचं तर श्रुतलेखनाच्या तासाला बसावं. 'ओत्' म्हणजे कपडा, 'नात्' म्हणजे दिवस, 'क्कोत्' म्हणजे फूल. कानाला तिन्हींच्या शेवटी 'त्'च येतो, म्हणून मागच्या बाकावरच्या मुलीने तिन्हींना एकच अक्षर लावलं. बाई फुली मारत नाहीत. "पुढे 'ई' लावून म्हण बघू," एवढंच सांगतात. मुलगी पुटपुटते: ओशी, नाजी, क्कोछी. ही रूपं ती घरात रोजच ऐकते. लगेच खोडरबर फिरतो. दोन तिरक्या रेघा म्हणजे 'स'. डोक्यावर आडवी रेघ दिली की 'ज'. त्यावर आणखी एक बारीक रेघ, की 'छ'.

सेजोंग राजाने १४४६ साली जाहीर केलेल्या या लिपीत अक्षराला रेघ जोडून अक्षर घडतं. उच्चार बदलला तरी शब्दाचं मूळ रूप लिहिताना राखायचं, हे १९३३च्या लेखननियमांनी ठरवलं. तेव्हापासून नुसत्या कानावर विसंबून चालत नाही.

दुसरी अडचण आदरार्थी रूपांची. आई मुलाशी बोलते ती धाकट्याशी बोलायची भाषा, आणि मूल तीच उचलतं. आपल्याकडे एखाद्या नातवाने आजोबांना "जेवलास का रे?" विचारावं, तसं होतं. कोरियनमध्ये तर थोरामोठ्यांच्या जेवणाला शब्दही वेगळा. म्हणून वर्गात मुलं आळीपाळीने आजी होतात आणि बाकीची त्यांची अदबीने विचारपूस करतात.

मालिका पाहून कोरियन शिकणाऱ्या परक्याचं याच्या उलट असतं. त्याचं लेखन नेटकं, पण भरभर बोललेलं निसटतं. त्याच्यासाठी लिहिलेलं पुस्तक 'नमस्कार, माझं नाव अमुक' इथून सुरू होतं, आणि या मुलांना पहिल्याच पानावर जांभया येतात. काही अमेरिकी विद्यापीठं त्यांच्यासाठी वेगळी तुकडी ठेवतात ती याचमुळे. तिथे ओळखीपाळखीचे धडे वगळून थेट लेखनाला आणि आदरार्थी रूपांना हात घातला, तर वेळ कारणी लागतो.