उलट्या आट्यांचा नट

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये सकाळपासून ग्रास कटरची घरघर सुरू होते. चाकरमानी यायच्या आत विहिरीची वाट, परडं, देवळाचं आवार मोकळं करायचं असतं. मोठ्या मैदानांवर बसून चालवायचं गवतकापणी यंत्र असतं. त्याच्या पोटाखालचा पात्यांचा डबा एकदा नीट लावला की कापणीची उंची चाकं सांभाळतात. आपल्या उतारांवर आणि बांधांवर ते कुठे चालायचं? इथे चाकांचं काम माणसाचा खांदा करतो. म्हणून पातं बसवणं आणि पट्टा जुळवणं यातच सगळं आलं, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींबद्दल चुकीच्या समजुती फार.

पहिली समजूत नटाची. सुटत नाही म्हणजे जाम झाला असं धरून पान्ह्यावर पाइप चढवतात, जोर लावतात आणि आटे घालवून बसतात. बहुतेक ग्रास कटरच्या पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. पातं उभ्या माणसाला वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतं आणि गवताचा अडथळा आला की नट आणखी आवळला जावा, अशी ती योजना आहे. गिअरच्या डोक्याला एक भोक असतं. त्यात सळई घालून आतला दांडा अडवायचा आणि मगच पान्हा लावायचा. पात्याचं मधलं भोक खालच्या चकतीच्या उंचवट्यावर तंतोतंत बसलंय का, हे बोटाने चाचपून बघा. केसभर जरी सरकलं असेल तरी दांडा थरथरतो आणि तासाभरात हात बधिर होतात.

दुसरी समजूत मला सर्वांत जास्त घाबरवते: गार्ड काढला की गवत अडकत नाही, काम भराभर होतं. हिशेब करून पाहा. 10 इंची पातं मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी सुमारे 285 किलोमीटर वेगाने पळतं. आपल्याकडे गवताखाली जांभ्याचे आणि काळवत्थराचे खडे लपलेले असतात. अशा वेगाने उडालेला खडा डोळा ठेवत नाही. गार्ड हवाच, वर चष्मा आणि गमबूटही हवेत, आणि 15 मीटरच्या आत पोरं, गुरं, कोणीच नको. नायलॉनची दोरी लावली तरी गार्ड काढू नये. त्यातली छोटी सुरी दोरी मापात कापते. ती नसली की दोरी लांब राहते, इंजिनावर ओझं येतं आणि क्लच तापतो.

पट्टा मात्र ‘कसाही अडकवला तरी चालतो’ असं मानतात. कडी उजव्या कमरेच्या हाडाखाली तळहाताएवढ्या अंतरावर यावी. मग हात सोडून यंत्र लोंबकळू द्यावं. दोरीचं डोकं किंवा गवत कापायचं पातं जमिनीला जेमतेम टेकलं पाहिजे. रानमोडीसारखी झुडपं तोडायची असतील तर ते वीतभर वर राहावं. दांड्यावरची कडी पुढे-मागे सरकवून हा तोल साधतो. तो साधला नाही की माणूस हातांनी ओझं पेलतो, पातं मातीत घुसतं आणि गवताबरोबर माती खरवडली जाते. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या उतारांवर उघडी माती पहिल्या सरीतच वाहून जाते. चार बोटं खुंट ठेवलेली जमीन अस्वच्छ दिसत असेल, पण ती जागेवर राहते.

भातासाठीही हेच यंत्र वापरतात. तिथे तीन पानांचं पातं नको, बारीक दातांचं गोल पातं आणि कापलेली ताटं एका बाजूला लोटणारी जाळी लागते. उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा, म्हणजे ताटं डावीकडे ओळीने पडतात. पात्याच्या पुढच्या उजव्या भागाने खोडाला भिडू नये, यंत्र झटका देऊन मागे फेकलं जातं. परतीच्या पावसाने भात आडवं झालं असेल तर यंत्र ठेवून विळाच घ्यावा.

तेलाबाबत थोडक्यात: टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच टू-टी तेल मिसळावं, 25 ला 1 असेल तर लिटरला 40 मिलिलिटर, 50 ला 1 असेल तर 20. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलात तेल घालूच नये.

शेवटी धार. जी बाजू बोथट तीच घासायची, ही सवय पात्याचा तोल घालवते. सगळी टोकं सारखी घासून पातं खिळ्यावर अडकवावं. एकच टोक सारखं खाली जात असेल तर ते जड आहे. आणि तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून पुन्हा लावणारे मी पाहिलेत. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि ते पातं फिरताना कधी तुटेल याचा नेम नसतो. तडा दिसला की त्याचे दोन तुकडे करून भंगारात द्यावेत, म्हणजे दुसरं कोणी ते उचलून बसवणार नाही.