होडीत ओझे किती घ्यावे?

मालवणच्या बंदरात पहाटेचा मतलई वारा वाहू लागला की धक्क्यावर एकच लगबग उडते. बर्फाच्या पाट्या डोक्यावरून येत असतात, जाळ्यांचे भारे होडीत उतरविले जातात, इंधनाचे डबे आणि पिण्याच्या पाण्याची भांडी हातोहात पुढे सरकत असतात. समोर कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला अंधारातून हळूहळू आकार घेत असतो. या साऱ्या गडबडीत तांडेल मात्र बहुधा गप्प असतो. आज किती बर्फ घ्यायचा, दुसरे जाळे बरोबर न्यायचे की किनाऱ्यावर ठेवायचे, इंधनाचा एक डबा जादा घ्यायचा की त्या जागी मासळीची पेटी बसवायची, याचा हिशोब तो मनाशी करीत असतो. हा हिशोब चुकला तर कधी दिवसाची कमाई बुडते, कधी होडी.

दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील निर्जन प्रदेशात जीपगाडी घेऊन जाणारा प्रवासीही पाणी, इंधन, जादा चाके आणि तंबू यांची अशीच जुळवाजुळव करतो. सामान कमी पडले तर वाटेत मदत मिळत नाही आणि जास्त झाले तर गाडी वाळूत रुतते. तथापि त्याला एक सवलत असते. गाडी रुतली तर थांबून सामान खाली उतरविता येते. समुद्रात थांबायला जागा नाही आणि सामान उतरवून ठेवायला जमीन नाही. म्हणून १२१ किलोमीटर लांबीच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावर होडीतील ओझ्याचा विचार धक्का सोडण्यापूर्वीच पुरा करावा लागतो.

ओझ्याचे माप

या हिशोबाचे शास्त्र अवघड नाही. होडीत जेवढे वजन भरावे तेवढ्याच वजनाचे पाणी ती बाजूस सारते आणि त्या प्रमाणात खाली बसते. आठ मीटर लांब व दोन मीटर रुंद अशी एखादी लहान मच्छीमारी होडी उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही टोकांस ती निमुळती असल्याने पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्र सुमारे ११ चौरस मीटर भरेल. अशी होडी एक सेंटिमीटर खाली बसण्यास साधारणपणे ११५ किलो वजन लागते.

आता सामान मोजू. चार माणसांचे २६० किलो, कोरड्या जाळ्यांचे २५० किलो, बर्फ २०० किलो, ५० लिटर डिझेलचे सुमारे ४२ किलो, पाणी २० किलो, आणि नांगर, दोर, पेट्या व शिधा मिळून ६० किलो. बेरीज झाली ८३२ किलो. म्हणजे होडी सुमारे सात सेंटिमीटर खाली गेली. रिकामी असताना तिचा काठ पाण्यापासून ५० सेंटिमीटर वर असेल, तर अद्याप ४३ सेंटिमीटर शिल्लक आहेत. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की काळजीचे काही कारण नाही, आणखी दोनतीनशे किलो सहज चालतील. नेमकी येथेच फसगत होते.

कारण समुद्रावर होडी सपाट राहत नाही. दोन मीटर रुंदीची होडी एका बाजूस दहा अंशांनी कलली की त्या बाजूचा काठ सुमारे १७ सेंटिमीटर खाली येतो. सातआठशे किलो वजनाने होडी जेवढी बसत नाही, त्याच्या दुपटीहून अधिक ती नुसत्या कलण्याने बसते. जाळे ओढताना चौघेही एकाच काठावर वाकलेले असतात आणि लाट नेमकी त्याच बाजूने येते, हा अनुभव कोणत्याही खलाशास नवा नाही. म्हणून ओझे किती, याच्या आधी ओझे कोठे आणि किती उंचीवर, हा प्रश्न विचारला पाहिजे.

तळाशी बसविलेले वजन होडीला सावरून धरते. पूर्वी शिडाच्या रिकाम्या गलबतात समतोलासाठी दगड किंवा वाळू भरीत, ते याच कारणाने. त्याला निरम म्हणत. अगदी हलकी होडीही लाटेवर बुचासारखी नाचते आणि वाऱ्याने भलतीकडे ढकलली जाते, हे जुन्या मंडळींस पक्के ठाऊक होते. याउलट तेच वजन उंचावर रचले की ते होडीला उलथवू पाहते. ओले जाळे याचे ठळक उदाहरण होय. जाताना कोरडे असलेले जाळे परतताना पाण्याने जड झालेले असते आणि घाईत ते मासळीच्या पेट्यांवरच टाकले जाते.

होडीत साचलेले पाणी त्याहून वाईट. जाळ्याचा ढीग निदान जागेवर राहतो. पाणी मात्र होडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस धावते आणि तिला आणखी कलविते. बर्फाच्या बाबतीत एक गैरसमज नेहमी आढळतो. बर्फ वितळला म्हणजे ओझे कमी झाले, असे अनेकजण धरून चालतात. वस्तुतः २०० किलो बर्फाचे २०० किलो पाणीच होते. ते उपसून बाहेर टाकले नाही तर वजन तेवढेच राहते. उलट घट्ट बसलेले वजन आता डुचमळू लागलेले असते.

बर्फ आणि लोभ

होडीतील ओझ्यात कपात करण्यास खरा वाव बर्फात आहे. एक किलो मासळीस एक किलो बर्फ, हे उष्ण प्रदेशातील सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. परंतु तीस अंश उष्णतेची एक किलो मासळी शून्य अंशापर्यंत थंड करण्यास प्रत्यक्षात सुमारे ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. उरलेला सातशे ग्रॅम बर्फ कशासाठी लागतो? तो लागतो उन्हाशी आणि वाऱ्याशी झुंजण्यासाठी. उघड्या पाटीत किंवा गोणपाटाखाली ठेवलेला बर्फ मासळीला थंड करण्यापूर्वी भोवतालच्या हवेलाच थंड करीत बसतो. जाड थर्माकोलचे अस्तर असलेली, घट्ट झाकणाची पेटी वापरली की ही नासाडी पुष्कळ कमी होते. एका दिवसाच्या फेरीत बर्फाचा भार त्यामुळे बराच हलका करता येतो आणि मासळीचा दर्जाही टिकतो. पेटीची किंमत एकदाच मोजावी लागते, बर्फाची दररोज.

तांडेलाची खरी परीक्षा मात्र परतीच्या वेळी होते. निघताना सामान आपल्या मर्जीने भरता येते; मासळी किती मिळेल ते कोणाच्या हाती नसते. बांगड्याचा मोठा थवा लागला आणि दोनशे किलोंच्या अपेक्षेऐवजी पाचशे किलो मासळी जाळ्यात आली, असे समजा. त्यात ओल्या जाळ्याचे वाढलेले शंभर किलो मिळवा. जाताना सात सेंटिमीटर बसलेली होडी आता बारा सेंटिमीटर बसली. त्यातच मासळी तळाशी न मावता फळ्यांवर रचली गेली आणि दुपारचा वारा उठला, म्हणजे वर सांगितलेल्या सर्व गोष्टी एकाच वेळी जमून येतात. अशा वेळी हाती आलेली मासळी सोडून देणे हे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसास किती जड जात असेल, याची कल्पना किनाऱ्यावर बसून येणार नाही. म्हणूनच परतीच्या ओझ्यासाठी जागा आधीच राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. दुसरे जाळे घरी ठेवले तर भरघोस दिवशी शंभर-सव्वाशे किलो मासळी निर्धास्तपणे आणता येते; दोन्ही जाळी नेली तर तीच मासळी धोक्याची होते.

इंधनाच्या बाबतीत मात्र काटकसर करून भागत नाही. जाण्यासाठी एक तृतीयांश, येण्यासाठी एक तृतीयांश आणि उरलेला तिसरा हिस्सा अडचणीसाठी, हा जगभरच्या नाविकांचा ठोकताळा आहे. राज्याच्या अखत्यारीतील समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर पसरला आहे. ताशी सहा सागरी मैलांच्या वेगाने त्याच्या सीमेपर्यंत जाण्यास दोन तास लागतात. पण समोरून वारा व लाटा असतील तर परतीला तीन किंवा चार तासही लागू शकतात. तासाला चार लिटर डिझेल जळते असे धरले तर शांत दिवशीचे १६ लिटर आणि वाईट दिवशीचे २४ लिटर, त्यावर जाळ्याभोवती फिरण्याचा खर्च वेगळा. दहा लिटर जादा इंधनाचे वजन साडेआठ किलोंच्या आत भरते. पिण्याच्या पाण्याचेही तसेच आहे. इंजिन बंद पडून होडी वाहत राहिली तर माणसाला अन्नाआधी पाणी लागते, आणि दरडोई दिवसाला तीनचार लिटरपेक्षा कमी पाण्यात उन्हातला दिवस निघत नाही. वरच्या उदाहरणातील २० लिटर पाणी चौघांना दीड दिवसाहून फारसे अधिक पुरणार नाही.

जागा अडते म्हणून

जीवरक्षक जाकिटे बरोबर का नेत नाही, असे विचारल्यास “जागा अडते” हे उत्तर बहुधा मिळते. या उत्तराचा एकदा हिशोब केला पाहिजे. चौघांची चार जाकिटे मिळून सुमारे चार किलो, एक जीवरक्षक कडे अडीच किलो, हातात मावणारा बिनतारी संदेशयंत्राचा संच अर्ध्या किलोपेक्षा कमी. त्यात विजेरी, उजेडाचे बाण, प्रथमोपचाराची पेटी, पाणी उपसण्याची बादली आणि इंजिनाची चार हत्यारे मिळविली तरी सारे बारा किलोंच्या आसपास येते. या वजनाने होडी अवघी एक मिलिमीटर खाली बसते. आठशे किलोंच्या ओझ्यातून काही कमी करायचे झाल्यास ते या बारा किलोंतून करण्याचे कारणच नाही. आणि ही जाकिटे पेट्यांच्या तळाशी दडपून ठेवण्याऐवजी अंगावर घातली तर जागा मुळीच अडत नाही.

नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाची आठवण किनाऱ्यावर अजून ताजी आहे. नोव्हेंबर हा एरवी मासेमारीचा भर हंगाम. अरबी समुद्रातून वर सरकत ते वादळ ११ नोव्हेंबर रोजी अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तत्पूर्वी कोकणच्या समुद्रात असलेल्या अनेक होड्या त्याच्या तडाख्यात सापडल्या आणि कित्येक घरांतील कर्ते पुरुष परतले नाहीत. आता हवामान खात्याचा इशारा भ्रमणध्वनीवर पोचतो, बंदरावर बावटा चढतो, आणि संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किंवा बिनतारी संचाची १६ क्रमांकाची वाहिनी मदतीस येते. परंतु किनाऱ्यापासून दूर भ्रमणध्वनीची रेघ नाहीशी होते, म्हणून अर्ध्या किलोचा बिनतारी संच हेच तेथील खरे सामान.

काठावरची खूण

ओझ्याची मर्यादा दाखविणारी रेषा जहाजांवर असावी, यासाठी इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल या संसद सदस्याने दीर्घकाळ झगडा केला आणि १८७६ च्या कायद्याने ती सक्तीची झाली. मोठ्या मालवाहू जहाजांच्या अंगावर ती आजही दिसते. भाररेषांविषयीचा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार मात्र मासेमारी नौकांना लागू नाही. त्यामुळे लहान होडीच्या अंगावर अशी रेषा आपणहून उमटत नाही. ती मालकाने स्वतः काढून घ्यावी लागते. शांत पाण्यात होडीत नेहमीचे सामान, माणसे आणि वाळूच्या पिशव्यांच्या रूपाने परतीच्या मासळीचे वजन भरून पाहावे, अनुभवी तांडेलास व होडी बांधणाऱ्या कारागिरास विचारावे, आणि जेथवर पाणी आल्यास होडी निर्धोक वाटते तेथे दोन्ही अंगांस ठळक रंगाचा पट्टा ओढावा. मग समुद्रावर तोंडी वाद घालण्याची गरज उरत नाही. पट्टा बुडाला की आणखी पेटी चढवायची नाही.

या पट्ट्याचा आणखी एक उपयोग मालवण परिसरात होतो. मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत, तर देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी वाळू साचते व लाटा फुटतात. ओहोटीच्या वेळी भरलेली होडी येथे आणताना चारपाच सेंटिमीटरांचाही फरक पडतो. पट्टा पाण्याला टेकला असेल तर भरतीची वाट पाहत बाहेर थांबणे श्रेयस्कर.

रापणीच्या जुन्या होड्यांना एका बाजूस उलांडी असते. आडव्या दांड्यांना बांधलेला हा लाकडी ओंडका होडीला कलंडू देत नाही. फायबरच्या आणि इंजिनाच्या नव्या होड्यांना हा आधार नाही. त्या वेगवान आहेत, सांभाळायला सोप्या आहेत, पण उलांडी करीत असलेले काम आता सामान बसविणाऱ्याच्या हातावर येऊन पडले आहे.

सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते धक्क्यापासून नांगरलेल्या मोठ्या नौकेपर्यंतच्या छोट्या फेरीकडे. अंतर थोडे, पाणी ओळखीचे, म्हणून बर्फ आणि माणसे एकाच खेपेत नेली जातात. मे २०२४ मध्ये वेंगुर्ले बंदरात बर्फ व खलाशी घेऊन निघालेली अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली. काही खलाशी पोहून किनाऱ्यास लागले, काहींना प्राण गमवावे लागले. आधी बर्फाची एक खेप, मग माणसांची दुसरी, आणि दोन्ही खेपांत जाकिटे अंगावर, एवढे केल्यास पाऊण तास जास्त लागतो. वारा पडेपर्यंत थांबावे लागले तर तो दिवसही जातो. बर्फ मात्र अस्तराच्या पेटीत दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.