केचपचा वास आणि झांथीचं पान

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७७ साली सुरू झालेल्या मॅक्लेलँड टोबॅको कंपनीचा पत्र्याचा डबा उघडला की पहिला वास यायचा तो टोमॅटो केचपचा. पाइप ओढणाऱ्यांच्या जगात या वासाइतकं भांडण फार थोड्या गोष्टींवरून झालं असेल. दाबून ठेवलेलं व्हर्जिनिया पान मुरताना आपसूक आंबतं, त्याचा हा वास, असं एका पक्षाचं म्हणणं. बुरशी धरू नये म्हणून घातलेल्या व्हिनेगरचा हा दर्प, असं दुसऱ्या पक्षाचं. काहींनी एकदा नाक लावून डबा कायमचा मिटला. काहींना तोच वास आला की डब्यातला माल अस्सल असल्याची खूण पटायची. चार दिवस झाकण किलकिलं ठेवा, मग ओढा, असा सल्ला जुनी मंडळी नव्यांना द्यायची.

हा वाद लहरी लोकांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तंबाखू ओढणाऱ्यांची मतं नीट ऐकली आणि पानाच्या माहितीशेजारी ठेवून पाहिली, तर त्यांत माती, ऊन, भट्टी आणि रसायन यांच्याबद्दल बरीच खरी माहिती सापडते. मॅक्लेलँडची ‘ग्रँड ओरिएंटल्स’ ही मालिका त्यासाठी फार उपयोगाची आहे. ड्रामा रिझर्व्ह, स्मर्ना नंबर वन, येनिजे हायलँडर, ब्लॅक सी सोखूम, कातेरिनी क्लासिक, क्लासिक सामसून अशी तिच्यातल्या मिश्रणांची नावं. व्हर्जिनियाची बैठक आणि तिच्यावर एकेका गावाचं किंवा प्रदेशाचं ओरिएंटल पान, अशी मांडणी. एरवी मिश्रणात ‘ओरिएंटल’ असं मोघम लिहिलेलं असतं. इथे ड्रामा वेगळं, सामसून वेगळं, असं जिभेवर पारखून घेता येत होतं.

या मिश्रणातला एक भागीदार व्हर्जिनिया. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास जेम्सटाऊनच्या वसाहतीत ज्याची लागवड केली त्या तंबाखूचा हा वंश. त्याचा आजचा सोनेरी रंग मात्र बराच नंतरचा. उत्तर कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात १८३९ साली एबिशा स्लेडच्या मळ्यावर स्टीफन नावाचा गुलाम भट्टीवर राखणीला होता. रात्री त्याचा डोळा लागला, विस्तव मंदावला, आणि जाग आल्यावर त्याने घाईने लोणारी कोळसा टाकला. त्या अचानक चढलेल्या कोरड्या उष्णतेत पानं पिवळीधमक झाली. प्रसंग असा सांगितला जातो. त्या रंगाच्या तंबाखूवर पुढे अमेरिकेत मोठमोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या. स्टीफनच्या वाट्याला त्यातलं काय आलं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

भट्टीत होतं ते असं. पान आधी मंद उबेत पिवळं होऊ देतात. त्या अवस्थेत पानातल्या पिष्टाची साखर होते. मग तापमान वाढवत नेऊन पान वाळवतात, म्हणजे ती साखर आतच अडकून राहते. चांगल्या व्हर्जिनियात वजनाच्या १५ ते २० टक्के साखर सहज असते. ओढणारे व्हर्जिनियाला ‘गोड’ म्हणतात तेव्हा ती नुसती उपमा नसते. वाळलेलं गवत, ताजा पाव, लिंबाची साल हे त्यांचे नेहमीचे शब्द. तक्रारही ठरलेली: जीभ भाजते. ओलसर, साखरेने भरलेलं पान भराभर ओढलं की पाइपच्या वाटीत वाफ धरते आणि जिभेच्या शेंड्याला चरचरतं. ज्यांना हा तंबाखू सोसत नाही त्यांतले बरेच जण घाईने ओढणारे असतात, असं अनुभवी मंडळी सांगतात, आणि त्यात तथ्य दिसतं. डब्यातून काढलेलं पान तासभर उघड्यावर सुकू दिलं, सावकाश ओढलं, तर त्याच मिश्रणाबद्दलचं मत बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

दुसरा भागीदार ओरिएंटल, सगळ्याच बाबतींत उलटा. ग्रीस, तुर्कस्तान, मॅसिडोनिया, बल्गेरिया इथल्या डोंगरउतारांवर, कमी पाण्यात, दगडगोट्यांच्या हलक्या जमिनीत हा तंबाखू दाट लावतात. पान तळहातापेक्षा लहान. ग्रीसमधल्या झांथीच्या परिसरातल्या बास्मा जातीचं तर काही बोटांएवढंच. आपल्याकडे निपाणी भागातला शेतकरी बिडी तंबाखूचा शेंडा खुडतो, फुटवे काढतो, म्हणजे राहिलेली पानं जाड आणि कडक होतात. तेही पान ओरिएंटलसारखं उन्हातच वाळतं. ओरिएंटलचा शेंडा मात्र बहुधा खुडत नाहीत. झाड हाल सोसत वाढतं आणि पानावरच्या बारीक लवेतून चिकट राळ पाझरत राहते. या पानाची सगळी किंमत त्या राळेत आहे.

राळेत सुक्रोज एस्टर नावाची संयुगं असतात. पान वाळताना आणि मुरताना ती फुटतात आणि त्यांतून थ्री-मिथाइल व्हॅलेरिक आम्लासारखी, अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला जाणवणारी आम्लं सुटतात. सिस-अबिएनॉल नावाच्या दुसऱ्या एका घटकापासून देवदार आणि अंबर यांच्या जवळ जाणारे सुवास तयार होतात. आता ओढणाऱ्यांचे शब्द पाहा. ओरिएंटलबद्दल कुणी ‘आंबूस’ म्हणतं, कुणी ‘मुरलेलं चीज’, कुणी ‘चामडं’, कुणी ‘धूप’, कुणी ‘देवदाराची पेटी’. नाक मुरडणारे ‘घामट मोजे’ म्हणतात. ही मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण सगळी त्याच राळेकडे बोट दाखवतात. चीज आणि घामट मोजे यांच्या वासामागे जवळच्या नात्याचीच आम्लं असतात. आवड वेगळी, नाक खोटं बोलत नाही.

व्हर्जिनिया आणि ओरिएंटल एकत्र का लावतात, हेही इथून उलगडतं. एकात साखर भरपूर, सुगंधी राळ बेताची. दुसऱ्यात राळ भरपूर, पण एकटं ओढलं तर कोरडं आणि आंबट. म्हणून मिश्रण करणारे ओरिएंटलचं प्रमाण सहसा कमी ठेवतात. पाइपच्या वाटीतही मत थरांनी बदलतं. वरच्या थराला गोडवा पुढे, मधल्या थरात मसाला आणि धूप, तळाशी ओल साचून चव जड. एखादं मिश्रण अर्ध्या वाटीवर टाकून देणारा आणि शेवटपर्यंत जाणारा हे दोघे तसे दोन निरनिराळ्या तंबाखूंबद्दल बोलत असतात.

सर्वांत मोठी फूट पडते ती लाटाकियावरून. लाटाकियाही मुळात ओरिएंटलच, पण सीरियात आणि सायप्रसमध्ये लाकूडफाट्याच्या धुरावर धरलेलं. इंग्लिश पद्धतीच्या मिश्रणांत, उदाहरणार्थ बाल्कन सोब्रानीत, व्हर्जिनिया आणि ओरिएंटलच्या जोडीला ते असतं आणि बाकी सगळ्यांवर आपला धूर पसरवतं. त्याची सवय लागलेल्याला लाटाकियाशिवायचं मिश्रण मिळमिळीत लागतं. यात काही घडतच नाही, असं तो म्हणतो. उलट दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात की लाटाकिया काढल्यावरच झांथी आणि सामसूनमधला फरक कळतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं. ज्या पानाची निवड इतकी बारकाईने झाली ते धुराखाली झाकायचं कशाला?

या मिश्रणांची नावं म्हणजे हरवलेल्या ऑटोमन साम्राज्याचा नकाशा आहे. येनिजे हे झांथीजवळचं गाव, आज ग्रीसमधलं गेनिसेआ. त्या नावाची ख्याती अशी की जर्मनीत ड्रेस्डेनला ह्यूगो झीट्झ या उद्योजकाने १९०९ मध्ये पुरा केलेला सिगारेटचा कारखानाच ‘येनिझे’ नावाचा होता. वास्तुरचनाकार मार्टिन हामिच याने तो मशिदीसारखा बांधला, वर रंगीत काचेचा घुमट, आणि धुराडं मिनाराच्या रूपात. ती इमारत आजही उभी आहे. स्मर्ना म्हणजे आजचं इझमीर, १९२२ च्या सप्टेंबरात आगीत होरपळलेलं. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात सक्तीने लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा सामसूनसह काळ्या समुद्राच्या तुर्की किनाऱ्यावरचे ग्रीक निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आले आणि आपलं तंबाखूचं ज्ञान सोबत घेऊन आले. सामसून वळणाचं पान कातेरिनीत रुजलं ते या उलथापालथीतून. पश्चिम थ्रेसमधल्या मुसलमानांना त्या अदलाबदलीतून वगळलं होतं, म्हणून झांथीच्या डोंगरातले पोमाक आणि तुर्क शेतकरी आपल्या शेतांवर राहिले. सामसून आणि कातेरिनी यांच्या चवीत साम्य शोधणारा पाइपवाला नकळत निर्वासितांच्या वाटेचा माग काढत असतो.

पानामागचे हात मात्र या मतांत जवळजवळ कधीच येत नाहीत. ओरिएंटलची खुडणी पहाटे, टप्प्याटप्प्याने होते. मग एकेक पान सुईने दोऱ्यात ओवायचं. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात शिरतं आणि खुडणाऱ्याला मळमळ, चक्कर, उलट्या होतात. ग्रीसमध्ये १९३६ च्या मे महिन्यात थेस्सालोनिकीत तंबाखू कामगारांच्या संपावर गोळीबार झाला. मृत तरुणाजवळ आक्रोश करणाऱ्या आईच्या छायाचित्रावरून यानिस रित्सोसने ‘एपितॅफिओस’ हे काव्य लिहिलं. निपाणीच्या शेतकऱ्यांनाही १९८१ मध्ये भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर बसावं लागलं होतं. मिश्रणाला पैकीच्या पैकी गुण देताना यांतलं काही आठवावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणखी एक गोष्ट चवीच्या गप्पांत मागे पडते. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालानेच पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध नोंदवला होता. तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोकाही पाइप ओढणाऱ्यांना असतो. पान कितीही उंची असलं तरी ज्वलनातून तयार होणारी विषं तीच.

मॅक्लेलँड २०१८ मध्ये बंद झाली. तेव्हापासून तिच्या जुन्या डब्यांचे भाव चढत गेले आणि मतांनाही वेगळं वळण लागलं. नवं मिश्रण कसं आहे यापेक्षा ते त्या जुन्याच्या किती जवळ जातं, हेच आधी विचारलं जातं. ग्रेगरी पीझ या मिश्रणकाराचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्याचं नाव घेतलेलं ‘एम्बार्काडेरो’ या चर्चेत हमखास येतं: व्हर्जिनिया आणि इझमीरचं पान दाबून कापलेल्या चकत्या. काहींना त्यात जुनी खोली मिळते. काहींना केचपचा तो आंबूस दर्प नसल्यामुळे ते फार स्वच्छ, फार सरळ वाटतं. म्हणजे ज्या वासाला लोक नाक मुरडत होते, तोच आता उणीव म्हणून मोजला जातो.

नव्या कंपनीने ती जागा भरून काढणंही सोपं नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०१६ पासून पाइपचा तंबाखू अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांखाली आला. १५ फेब्रुवारी २००७ नंतर बाजारात आलेल्या मालासाठी आधी मंजुरी हवी, अशी अट आहे. त्याहून मोठी अडचण पानाची. ओरिएंटलचा मोठा गिऱ्हाईक पाइपवाला कधीच नव्हता. १९१३ मध्ये आर. जे. रेनॉल्ड्सने कॅमल सिगारेट काढली, तिच्यात तुर्की पान अमेरिकन पानात मिसळलं, आणि तेव्हापासून या पिकाची उलाढाल सिगारेट कंपन्यांच्या मागणीवर चालते. युरोपीय संघाने तंबाखूचं अनुदान उत्पादनापासून तोडलं आणि ग्रीसने २००६ पासून ते पूर्णपणे अमलात आणलं, तेव्हा तिथली व्हर्जिनियाची लागवड जवळजवळ संपली. ओरिएंटलचंही क्षेत्र घटलं. त्या पडझडीतून ग्रीसमध्ये तगले ते प्रामुख्याने दोन वाण: झांथी-ड्रामाच्या बाजूचं बास्मा आणि कातेरिनी.