ओवीतली वाट आणि आपले पाय

लोकगीतांचा अभ्यास करायचा तर पुस्तक मिटून पायी हिंडावे, ज्या मुलखात गाणे जन्मले तो मुलूख पाहावा, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. सूचना चांगली आहे. पण आपल्या वस्तीत ती मांडली की म्हातारी माणसे हसतात. पायी हिंडण्याची हौस त्यांना कोणी कधी विचारलीच नव्हती. मयताची बातमी पावण्या-पाहुण्यांच्या गावी पोचवायची, साऱ्याची रक्कम घेऊन तालुक्याला जायचे, आल्या-गेल्या अंमलदारापुढे धावायचे, ही सारी कामे महाराच्या पायांवर चालत होती. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा केला तो 1958 साली. म्हणजे ज्याला आज पदभ्रमण म्हणतात ते आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत वेठ होते. गाण्याच्या मागे चालत जायचे असेल तर ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण कोणत्या वाटेने कोणाला जाता येत होते, यावरच पुष्कळदा गाण्यात काय आले आणि काय आले नाही हे ठरले आहे.

जात्यावरच्या ओवीपासून सुरुवात करू. ओवी वाटांनी भरलेली आहे. माहेरची वाट, भाऊ मुऱ्हाळी येतो ती खिंड, पंढरीची वाट, बाजाराची वाट. वाचणाऱ्याला वाटते की ही गाणारी बाई सदा डोंगरदऱ्यांतून हिंडत असली पाहिजे. प्रत्यक्षात ओवी गायली गेली ती पहाटेच्या अंधारात, घराच्या कोपऱ्यात, जमिनीवर बसून. एक पाय लांब, एक दुमडलेला, खुंट्याला हात, आणि समोर सासू, जाऊ किंवा शेजारीण. दोघींच्या ओढीने दगड फिरतो आणि त्याच फेऱ्याच्या लयीवर ओळ लांबते, तुटते, परत येते. छापील ओवी दोन ओळींची दिसते. गळ्यातली ओवी तशी नसते. ओळीचा तुकडा पुन्हा पुन्हा घेतला जातो, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द भरीला येतात, आणि दळण जड की हलके त्यावर चाल मंदावते किंवा धावते. मावळात नाचणी, मराठवाड्यात ज्वारी. दगड तोच, पण हाताला लागणारे ओझे निराळे. तेव्हा ओवीतला मुलूख हा डोळ्यांपुढचा नव्हेच. तो आठवणीतला आहे, जी वाट वर्षातून एकदा मिळाली किंवा कधीच मिळाली नाही तिचा आहे. सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून ‘हेच ते निसर्गसौंदर्य, यातूनच ओवी स्फुरली’ असे म्हणणाऱ्या अभ्यासकाला एवढी साधी गोष्ट दिसत नाही.

या बाबतीत पुणे जिल्ह्याचा मुळशी तालुका आपल्याला फार शिकवतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी 1980 नंतरच्या काळात तेथील गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. काम वाढत गेले आणि हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. 1990 नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. माझ्या मते या कामाचे मोल संख्येत कमी आणि नोंदीत जास्त आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून आपल्याकडे ओव्यांचे संग्रह आहेत, आणि त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण त्या संग्रहांतली ओवी वाचताना ती गावातल्या वाड्यातली की गावकुसाबाहेरच्या झोपडीतली हे सहसा कळत नाही. सारी ‘मराठी स्त्री’ एकच. मुळशीच्या नोंदींत गाणारीचे नाव, गाव, वाडी, जात लिहिलेली आहे. त्यामुळे ओवी हातात घेऊन त्या वस्तीपर्यंत चालत जाता येते.

चालत गेले म्हणजे काय दिसते? मुळशीच्या ओव्यांत सीतेचा वनवास फार आहे. त्या ओव्यांत सीता रडते आणि बोरी-बाभळी तिची समजूत घालतात. हे वन पोथीतले दंडकारण्य नव्हे. ते जळणासाठी रोज तुडवलेले रान आहे, काट्यांनिशी. ज्या बाईने लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती उतरण उतरली आहे तिलाच बाभळ ही सोबतीण वाटू शकते. बागेत वाढलेलीला मोगरा सुचला असता. आणि मग वाट पुढे जाता जाता पाण्यात शिरते. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधले. त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. पाणी पूर्वेकडचे आपले खोरे सोडून पश्चिमेला, कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळवले गेले. शेते, देवळे, महारवाडे, मांगवाडे सारे एकाच पाण्याखाली गेले. पण बुडताना सर्व सारखे नव्हते. ज्याच्या नावावर जमिनीचा कागद होता त्याला थोडेफार मागता तरी आले. ज्याच्याजवळ फक्त बलुते होते त्याने काय दाखवायचे? बलुत्याची नुकसानभरपाई कोणत्या रकान्यात लिहितात?

तेथे काही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो असता एका मुलीने काठावरच्या वस्तीत एका वृद्ध बाईंना विचारले, “आजी, तुमच्या ओवीतली माहेरची वाट कोणती?” आजींनी पाण्याकडे हात केला. मुलीला वाटले, पलीकडचे गाव. आजी म्हणाल्या, “पल्याड नाही गं, आत. आन् ती माझी बी न्हवं. माझ्या आईच्या आईची. म्या ती पाह्यलीच न्हाई, नुसती गायली.” पावसाळ्यात ताम्हिणीच्या धबधब्यांखाली शहरातल्या गाड्यांची रांग लागते. त्यांचा राग करण्याचे कारण नाही. फक्त ते आणि आपण एकाच पाण्याकडे पाहतो आहोत असे समजू नये.

ओवी घरातली, तर हलगी उघड्यावरची. हलगीचे आणि मुलखाचे नाते वेगळेच आहे. कड्यावर ताणलेले कातडे हवेतल्या ओलीने सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी पाचोळ्याचा जाळ करून ती शेकावी लागते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाळाभोवती उभे राहून बोटाने टणत्कार अजमावणारी मांगवाड्यातली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला ठाऊक आहे की सूर लावणे म्हणजे काय. तंबोऱ्याच्या खुंट्या पिळणे तेवढे सूर लावणे, असे मानणाऱ्यांनी हे कधी विचारात घेतले नाही. हलगीचा आवाज मोकळ्या रानात दूरवर जातो. मिरवणुकीच्या तोंडाशी हलगी लागते, कुस्तीच्या फडात लागते, मयतापुढे लागते. वाजवणारा मात्र देवळाच्या पायरीशी थांबतो. आवाज गाभाऱ्यात जातो, माणूस जात नाही. एखाद्या गावी जाऊन मांगवाडा ते वेस, वेस ते देऊळ हे अंतर पावलांनी मोजा, आणि हलगी कोठून वाजायला सुरुवात होई व कोठे थांबे हे जुन्या माणसांना विचारा. त्या गावचा सामाजिक नकाशा कागदावर येईल.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. लोककला लुप्त होत आहेत म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. पण 1956 च्या धर्मांतराच्या आगेमागे अनेक गावी आपल्या माणसांनी वाजवणे, मेलेली ढोरे ओढणे, जत्रेत मान म्हणून दिलेली हीन कामे करणे समजून-उमजून सोडले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. पोतराजाचे केस कापले गेले तो दिवस त्या घरात शोकाचा नव्हता. ज्याला अभ्यासक ‘परंपरेचा ऱ्हास’ म्हणतो तो पुष्कळदा माणसाने घेतलेला निर्णय असतो. मग सोडलेल्या गाण्याचा अभ्यासही करू नये काय? मला तसे वाटत नाही. वाजवण्याची सक्ती सोडणे वेगळे आणि त्या वाजवण्यातली विद्या विसरणे वेगळे. मात्र शिकणाऱ्याने त्या घरात जाताना, तुम्ही का सोडलेत, हे आधी विचारावे. वाजवून दाखवा हे नंतर. पुष्कळदा पहिल्या उत्तरानंतर दुसरी विनंती करण्याची इच्छाच उरत नाही.

ओवीने मात्र या पेचातून आपली वाट काढली आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या त्या ऐकाव्यात. गळा जुनाच, फेरा जुनाच. पण जेथे विठ्ठल होता तेथे भीमराव आले आहेत. त्यांचा कोट येतो, चष्मा येतो, पेन येते, मोटार येते. रमाबाई येतात त्या घरच्या नात्याने. कोणी हे शिकवले नाही. बायकांनी आपल्याच हाताने जुन्या सुरात नवा माणूस बसवला. आणि त्याबरोबर गाण्याचा भूगोल बदलला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या ओवीच्या वाटा पंढरपूर, आळंदी, जेजुरीकडे जात. देवळाच्या दारापर्यंत नेऊन त्या आपल्याला बाहेर उभे करीत. नव्या गाण्याच्या वाटा महाडला, नाशिकला, औरंगाबादला, नागपूरला, दादरला जातात. त्या वाटांवर आगगाडी आहे, मोर्चा आहे, कॉलेज आहे. मराठवाड्यातल्या बाईच्या तोंडी औरंगाबाद येते तेव्हा 1950 साली तेथे बाबासाहेबांनी काढलेले महाविद्यालय तिच्या मनात असते. जिला स्वतः अक्षर येत नव्हते तिने लेकराच्या शाळेची वाट ओवीत आणली, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकांवर शांतता होते. त्या बाकांवर बहुधा तिचीच नातवंडे असतात.

यांतली एक वाट अजून चालून पाहता येते. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी पद्मावती बोटीने निघाली, 25 डिसेंबरला दासगावच्या बंदरावर उतरली आणि तेथून पाचएक मैल चालत महाडला गेली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला पुढे हायकोर्टात 17 मार्च 1937 रोजी आपल्या बाजूने निकालात निघाला. त्या वाटेवर आज मोटारींची वर्दळ आहे, बोटी बंद झाल्या आहेत, आणि दासगावने 2005 च्या पावसात दरड कोसळून माणसे गमावली आहेत. तरी सावित्रीची खाडी उजाडताना पाहावी आणि चालावे. चवदार तळ्याची गाणी आपण जयंतीला लाउडस्पीकरवर ऐकतो, तेव्हा त्यांत फक्त तळे असते. चालताना पाच मैलांची ती रांग कळते. तिच्यातली कित्येक माणसे त्याआधीही आयुष्यभर चाललेली होती, पण दुसऱ्याचे ओझे घेऊन. वामनदादा कर्डक असोत, भीमराव कर्डकांचा जलसा असो, पुढे गावोगाव जे गाणे गेले ते असेच पायांनी आणि मिळेल त्या वाहनाने गेले. भीमराव कर्डकांनी जलशांची हकिकत 1978 साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे. शिक्षकांनी ती मुलांच्या हाती द्यावी.

ज्यांना विद्यार्थ्यांसह असा उपक्रम करायचा आहे त्यांना अनुभवाने काही सांगतो. गाणे आधी अंधारात ऐकावे, दिवा न लावता, मग उजेडात बाहेर पडावे. गाणाऱ्या बाईंची परवानगी घ्यावी, आणि मुद्रण केले तर त्याची प्रत त्यांच्या घरी पोचवावी. आमच्याकडून हे एकदा राहिले तर पुढच्या खेपेला त्या बोलल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते. देवळापासून चालायला सुरुवात करू नये. पाणवठ्यापासून करावी. गावाचा पाणवठा कोणता, आपला कोणता, आपला किती खाली होता, कोणत्या साली एक झाला, की अजून झालाच नाही, हे विचारत वस्तीपर्यंत यावे. आणि जाते कोठे आहे ते शोधावे. पिठाची गिरणी आल्यावर पुष्कळ जाती दाराबाहेर गेली. एका घरी वरची तळी न्हाणीत पाय घासायला ठेवलेली होती. मुलांनी ती उचलून आणली, खुंट्याच्या भोकातली माती काढली, आणि घरच्या म्हातारीने न सांगता तिच्यापुढे बसून एक पाय लांब केला.