बादली, हळद आणि मूठभर मटकी



'विज्ञान' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, कुलूप घातलेली कपाटे आणि 'हात लावू नये' अशी पाटी उभी राहते. तेव्हा तीन-चार वर्षांच्या मुलाचा आणि विज्ञानाचा संबंध तो काय, असे कुणालाही वाटणे साहजिक आहे. पण घटकाभर त्या मुलाकडे नीट पाहा. ते वाटी जमिनीवर आपटते, आवाज ऐकते, आणि पुन्हा आपटते. पाण्याने भरलेला तांब्या उपडा करते, आणि पाणी कुठे वाहत जाते ते पाहत बसते. आपण त्याला मस्ती म्हणतो. पण एखादी गोष्ट करून पाहायची, काय झाले ते ध्यानात ठेवायचे, आणि पुन्हा तसेच होते का ते तपासायचे, हाच तर शास्त्रज्ञाचा उद्योग आहे. मुलाला त्याची आवड उपजतच असते. ती मोठेपणी टिकते की विझते, हे बरेचसे घरातल्या माणसांवर आणि पहिल्या शिक्षकावर अवलंबून असते.

अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी किंवा अंगणवाडीत करता येतील असे चार प्रयोग आज सांगणार आहे. त्यांना लागणारे सगळे सामान आपल्या स्वयंपाकघरात आहे. 'साधने नाहीत, मग शिकवायचे कसे?' अशी तक्रार आपण शिक्षक मंडळी नेहमी करतो. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले, तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होते? परदेशी पद्धतीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे, माती हीच त्यांनी साधने केली. आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ तिथे आहे. तेव्हा साधनांची अडचण सांगण्याआधी आपले अंगण एकदा पाहून घ्यावे.

प्रयोगाआधी शिस्तीच्या दोन गोष्टी. पहिली अशी की, करण्याआधी मुलाला विचारावे, "काय होईल, सांग बरं?" ते जे सांगेल ते ऐकून घ्यावे. चुकले तर हसू नये, 'वेडाच आहेस' म्हणू नये. दुसरी अशी की, हात मुलाचे चालावेत, मोठ्याने फक्त जवळ बसावे. आपण करून दाखवले तर ती जादू होते. त्याने केले तर तो प्रयोग होतो.

आता पहिला प्रयोग: बुडते की तरंगते? बादलीत किंवा घमेल्यात पाणी घ्या. एक खडा, एक बटाटा, लाकडाचा तुकडा, झाडाचे पान, एक नाणे आणि मिळाला तर एक लाल भोपळा जमवा. एकेक वस्तू मुलाच्या हाती द्या आणि विचारा, "ही बुडेल का रे?" बहुतेक मुले म्हणतील की जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते. बारका खडा तळाला जातो आणि एवढा थोरला भोपळा मात्र ऐटीत तरंगतो, हे पाहिले की मूल चमकते. ते चमकणेच महत्त्वाचे. भोपळा आतून पोकळ असतो; त्याच्या एवढ्या आकारमानाच्या पाण्याचे वजन त्याच्यापेक्षा जास्त भरते, म्हणून पाणी त्याला वर उचलून धरते. खेड्यातल्या पोरांना हे वेगळे सांगायला नकोच. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसे अजून गावोगाव भेटतील.

याचाच पुढचा भाग कणकेने करता येतो. घट्ट कणकेचा गोळा पाण्यात टाकला की बुडतो. तोच गोळा काढून, त्याची पातळ, खोलगट वाटी करून अलगद पाण्यावर ठेवली की ती तरंगते. वजन तेच, कणीकही तीच. बदलला तो आकार. लोखंडाचे जहाज का तरंगते, त्याचे उत्तर या वाटीत आहे. पाच वर्षांच्या मुलाला जहाजाचा सिद्धान्त सांगण्याची गरज नाही. "गोळा बुडाला, वाटी नाही बुडाली" एवढे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले तरी भरून पावले.

बुडालेला बटाटाही वाया घालवू नका. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बटाट्याची जाड फोड टाका आणि मुलाला चमचा-चमचा मीठ घालून ढवळायला सांगा. पुरेसे मीठ विरघळले की तळाला गेलेली फोड हळूहळू वर येते. मीठ विरघळल्याने पाणी दाट, म्हणजे तेवढ्याच मापाला जड होते, एवढेच त्याचे कारण.

दुसरा प्रयोग हवेचा. 'हा पेला रिकामा आहे' असे आपण सहज म्हणतो. खरेच रिकामा असतो का? पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट दाबून बसवा. पेला उपडा करून, अगदी सरळ धरून, बादलीतल्या पाण्यात खाली दाबा. नंतर तसाच सरळ वर काढा आणि मुलाला कागद चाचपायला लावा. कागद कोरडा! आता पुन्हा बुडवा आणि या खेपेस पेला किंचित तिरपा करा. बुड्बुड् करीत बुडबुडे वर येतील आणि कागद भिजेल. "बुडबुड्यांतून काय बाहेर पडलं?" असे विचारून गप्प बसा. दोन-तीन दिवस उत्तर मिळाले नाही तरी चालेल. पेल्यात जागा अडवून बसलेले काहीतरी होते, ते निघून गेले तेव्हा पाणी आत शिरले, हे मुलाच्या आपोआप ध्यानात येते. त्या 'काहीतरी'ला आपण हवा म्हणतो, एवढे शेवटी सांगावे.

तिसरा प्रयोग मटकीचा. मूठभर मटकी रात्रभर भिजवून सकाळी निथळून घ्या. थोडी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. थोडी वाटीत भरपूर पाणी घालून बुडवून ठेवा. तिसऱ्या वाटीत न भिजवलेली, कोरडी मटकी ठेवा. मुलाने रोज सकाळ-संध्याकाळ तिन्ही उघडून पाहावीत. फडके ओले ठेवण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे. फडक्यातल्या मटकीला एक-दोन दिवसांत छान मोड येतात. कोरडी जशीच्या तशी राहते. पाण्यात बुडालेलीची वाढ खुंटते आणि पुढे तिला वास येऊ लागतो, कारण बी रुजायला ओल लागते तशी हवाही लागते. पेरणीनंतर शेतात पाणी साचून राहिले तर बियाणे का कुजते, हे शेतकरी बापाला ठाऊक असते; त्याने आपल्या पोराशी त्या वाटीपाशी बसून दोन शब्द बोलावेत, इतकीच विनंती. पुस्तकातला धडा आणि बांधावरचा अनुभव यांची गाठ तिथे पडते.

चौथा प्रयोग हळदीचा. पाण्यात हळद कालवून कागदाच्या पट्टीला लावा आणि वाळू द्या. पिवळ्या पट्टीवर ओल्या साबणाची वडी मुलाला घासू द्या. पट्टी तांबडी होते. त्यावर लिंबाचे थेंब टाकले की पुन्हा पिवळी. हळदीच्या कपड्यावर साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक आईने पाहिलेले आहे. हळदीतले रंगद्रव्य आम्लारी पदार्थात, म्हणजे साबणात किंवा चुन्यात, लाल होते आणि लिंबासारख्या आम्लात पिवळे राहते.

हा प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवला. हळदीचे पाणी आणि चुन्याची निवळी एकत्र करून 'बघा, रक्त निघालं, घरावर करणी आहे' असे सांगणारे भोंदू आपल्या गावांतून फिरत आले आहेत. सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस लावून लिंबू कापायचे आणि लिंबातून 'रक्त' काढून दाखवायचे, हाही त्यांचाच खेळ. भ्यालेल्या माणसाने कोंबडे द्यावे, दागिने द्यावेत, आणि दवाखान्यात न्यायचे तापाचे मूल घरीच ठेवावे, असे यातून घडते. असे प्रकार जाहीरपणे करून दाखवून त्यांतले रहस्य सांगण्याचे काम डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा आपल्या जागी हवाच. पण ज्या मुलीने चौथ्या वर्षी स्वतःच्या हाताने हळद लाल केली आणि पुन्हा पिवळी केली, तिला विसाव्या वर्षी त्या लाल पाण्याने घाबरवणे अवघड जाईल.

आता मोठ्यांसाठी एक सूचना. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा एक साधा प्रयोग तुम्हीही करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. मुलालाही ते सारखे आहे असे पटू द्या. मग त्यातल्या एकातले पाणी त्याच्यादेखत उंच, निमुळत्या भांड्यात ओता आणि विचारा, "आता जास्त पाणी कशात?" चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवील. तुम्ही दहा वेळा समजावले तरी त्याचे मत सहसा बदलणार नाही. ते मंद आहे म्हणून नव्हे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत डोळ्यांना दिसते तेच त्याला खरे वाटते. तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या वयात नियम आणि व्याख्या पाठ करून घेऊ नका. दोन-अडीच वर्षांच्या मुलाने नुसते पाणी ओतावे. तीन-चारच्या मुलाने बुडणारे एकीकडे आणि तरंगणारे दुसरीकडे असे ढीग लावावेत. पाच-सहाच्या मुलाने आधी अंदाज सांगावा आणि मग ताडून पाहावा. त्या त्या वयाला तेवढे पुरे.

सावधगिरीचेही बोलले पाहिजे. पाण्याच्या बादलीपाशी लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. वीतभर पाणीही जीवघेणे ठरते. प्रयोग संपताच बादली ओतून टाकावी. मटकी, चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू मुले नाकातोंडात घालतात, म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. चुन्याने डोळ्याला गंभीर इजा होते. मुलांच्या प्रयोगात चुना वापरूच नये, साबण पुरतो. विस्तव, रॉकेल, डांबराच्या गोळ्या आणि घड्याळातले बटणासारखे सेल मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आले नाही तर? "मला ठाऊक नाही, चल, करून पाहू" असे खुशाल म्हणावे. त्यात कमीपणा नाही. "गप्प बस, फार शहाणा झालास" हे चार वेळा ऐकले की मूल पाचव्यांदा विचारत नाही, आणि हेच मूल पुढे आमच्या महाविद्यालयात येते तेव्हा "कुणाला काही शंका?" या प्रश्नावर साऱ्या वर्गाबरोबर मान खाली घालून बसते. त्या वयात त्याला बोलते करणे फार कठीण जाते.

म्हणून येत्या रविवारी एवढेच करा. आज रात्री मटकी भिजत घालायची असेल तर मूठभर जास्त घाला, आणि ती मूठ मुलाच्या हाताने मोजून घ्या.