पाखराच्या पायातलं कडं

पायात कडं असलेलं पाखरू सापडलं की आपल्याकडे आधी हेरगिरीचा संशय येतो. अशा बातम्या पेपरातही येऊन गेल्यात. हे कडं कोण घालतं आणि कशासाठी, ते आज सांगणार आहोत. त्यासाठी जरा लांब जाऊ.

जर्मनीच्या किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर भर समुद्रात हेल्गोलांड नावाचं लाल खडकाचं बेट आहे. मुख्य बेट जेमतेम एक चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे अडीचशे एकर. मार्च ते मे या काळात पाखरं दक्षिणेकडून नॉर्वे-स्वीडनच्या बाजूला अंडी घालायला निघतात. काही तर सहारा वाळवंटाच्या पलीकडून येतात. छोटी पाखरं बहुतेक रात्रीच उडतात. खाली नुसतं पाणी. पहाटे दमलेल्या, धुक्यात सापडलेल्या पाखराला हे बेट दिसलं की ते उतरतं. उघड्या खडकावर झुडपं थोडी, म्हणून जिथं झुडूप तिथं गर्दी.

बेटावरच्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ते मुद्दाम झुडपं उभी करायचे, जाळं लावून कस्तुर पक्षी धरायचे आणि शिजवून खायचे. आम्हाला यात नवल वाटत नाही. समुद्रावर पोट असलेल्या माणसांनी दारात आलेलं मटण का सोडावं? पुढं १९१० साली हुगो वायगोल्ड या अभ्यासकानं तिथं पक्षी केंद्र सुरू केलं. त्या केंद्रानं सापळ्याची ही जुनी युक्तीच उचलली, फक्त शेवट बदलला.

आता तिथं तारेच्या जाळीची मोठमोठी नरसाळी आहेत. तोंड रुंद, आत झुडपं. माणसं मागून हळूहळू चालत येतात, पाखरं पुढं पुढं सरकतात आणि निमुळत्या टोकाच्या पेटीत जातात. ओढ्यात मासे धरायचा बांबूचा सापळा पाहिला असेल, तसंच हे. मग पाखराची मान दोन बोटांच्या मधे हलकेच धरतात आणि पायात ॲल्युमिनियमचं कडं बसवतात. त्यावर नंबर आणि केंद्राचं नाव. छोट्या पाखराचं कडं त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागापेक्षाही हलकं असतं. पंख मोजतात, वजन करतात. पोटावरची पिसं फुंकरीनं बाजूला केली की कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. पाखराची शिदोरी किती उरली, ते त्यावरून कळतं. मग लगेच सोडून देतात. त्रास थोडा होतोच, म्हणून शिकलेल्या, परवाना असलेल्या माणसालाच हे काम करू देतात.

नंबर घातलेली कडी पद्धतशीर वापरली ती १८९९ साली, डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकानं. पण छोट्या पाखरांच्या शंभर कड्यांमागे एकाचीही खबर परत येत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? कारण रोज, त्याच जागी, त्याच पद्धतीनं धरल्यामुळं कोणती पाखरं कधी आली याची वही तयार होते. हेल्गोलांडच्या १९६० ते २००० या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा चोवीस जातींपैकी जवळजवळ सगळ्या वसंतात पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्याचं दिसलं. ऊब आधी आली की पालवी आधी फुटते, अळ्याही आधी निघतात. पाखराला उशीर झाला तर पिल्लांच्या तोंडी काय पडणार? पाऊस पुढंमागं झाला की पेरणीचं काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्याकडे हे काम मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकारानं १९५९ साली त्यांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. तेव्हा तळ्याकाठी, रानात कडं घातलेलं पाखरू दिसलं तर एवढं करा. जिवंत असेल तर कडं काढू नका. धरायलाही जाऊ नका, आपल्या कायद्यानं ते गुन्हा आहे. दिसलं तर लांबूनच फोटो घ्या. जखमी असेल तर वनरक्षकाला कळवा. मेलेलं असेल तर उघड्या हातानं शिवू नका, बर्ड फ्लूची भीती असते. कड्यावरचा नंबर आणि अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या. गाव, तारीख आणि पाखरू कसं सापडलं ते लिहा, आणि सोसायटीला पाठवा. कडं दुसऱ्या देशाचं असलं तरी चालतं. अक्षरं वाचता येत नसतील तर शाळेतल्या पोरीला बरोबर न्या.