डासअळीनाशक बाष्पनशील तेले

डासअळीनाशक बाष्पनशील तेले ही पाण्यातील डासांच्या अळ्या मारण्याची क्षमता असलेली वनस्पतिजन्य सुगंधी तेले होत. लवंग, ओवा, दालचिनी, तुळस इत्यादींपासून ती बहुधा बाष्प-ऊर्ध्वपातनाने काढतात. कडुनिंबाचे तेल या गटात मोडत नाही. ते निंबोळीतील गरापासून घाण्यावर काढलेले स्थिर तेल असून त्यातील अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीच्या कात टाकण्यात अडथळा आणते. लोकव्यवहारात या दोहोंची नेहमी गल्लत होते. सिट्रोनेला तेलाची ख्यातीही मुख्यतः डास पळविणारे म्हणून आहे, आणि डास पळविणे व अळी मारणे या निराळ्या गोष्टी आहेत.

घटक व क्रिया

लवंगतेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, तर दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा प्रमुख घटक असतो. हे घटक मेदात विरघळणारे असल्याने अळीच्या त्वचेतून आत शिरतात व मज्जासंस्थेचे कार्य बिघडवितात. टेमेफॉससारख्या रासायनिक अळीनाशकांना एडिस ईजिप्ती या डेंग्यूवाहक डासात प्रतिकारक्षमता आढळू लागल्याने या तेलांच्या अभ्यासाला महत्त्व आले.

चाचणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक पद्धतीनुसार २५ अळ्यांचे गट निरनिराळ्या मात्रांच्या पाण्यात ठेवून २४ तासांनी मृत अळ्या मोजतात. निम्म्या अळ्या मारणारी मात्रा हे तुलनेचे माप होय.

मर्यादा

एखाद्या तेलाची ही मात्रा लिटरला ५० मिलिग्रॅम धरली, तर २०० लिटरच्या पिंपाला १० ग्रॅम तेल लागेल, आणि तरीही निम्म्या अळ्या उरतीलच. टेमेफॉस लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच पिंपाला ०.२ ग्रॅम पुरते. तेव्हा चार-दोन थेंबांवर विसंबणे व्यर्थ आहे. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, लवकर उडून जाते आणि पाण्याला उग्र वास आणते. वनस्पतीची जात, जमीन व हंगाम यांनुसार त्याचे घटकही बदलतात. पायसीकरण करून वा सूक्ष्म कुपींत भरून ते टिकविण्याचे प्रयोग चालू आहेत.

माशांनाही ही तेले बाधू शकतात. लवंगतेल तर माशांना गुंगी आणण्यासाठीच वापरले जाते. म्हणून जेथे अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडले आहेत, त्या हौदात ते घालू नये.

अनुकूल हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यामागे हेच गणित आहे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहत असल्याने पाणी ओतून दिल्यावर भांडे आतून घासणे आवश्यक असते.